आरोपीच्या खुर्चीतला नायक

वेस्टर्न चित्रपट म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना फार समजावून सांगायला नको. घोडे, बंदुका, उजाड डोंगर, धुळीतले एकाकी रेल्वे स्टेशन आणि शेवटी गोळीबार. १९७५ सालचा ‘शोले’ याच घराण्यातला. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा जो प्रसंग पाहून आपण सारे थिजून गेलो होतो, त्याचे मूळ १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ या चित्रपटात आहे, असे जाणकार मानतात. त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला स्टेशनवर गाडीची वाट पाहणारा एक धिप्पाड काळा माणूस दिसतो. वरून पाण्याचे थेंब त्याच्या टोपीवर ठिबकत असतात आणि तो जागचा हलत नाही. काही मिनिटांतच गोळी लागून तो पडतो आणि कथेतून कायमचा जातो. त्या नटाचे नाव वूडी स्ट्रोड.

हा लेख त्याच्याच, पण आठ वर्षे आधीच्या एका चित्रपटाविषयी आहे. चित्रपटाचे नाव ‘सार्जंट रटलेज’, साल १९६०, दिग्दर्शक जॉन फोर्ड. फोर्डचे नाव निघाले की लोक ‘स्टेजकोच’ सांगतात, ‘द सर्चर्स’ सांगतात. हे नाव सहसा कोणी घेत नाही. अमेरिकेत तो त्या वेळी फारसा चाललाही नाही. आणि मुळात हा सरळ वेस्टर्न नाही. अर्धा चित्रपट लष्करी कोर्टात घडतो, अर्धा वाळवंटात. त्यात खुनाचे रहस्य आहे, एक प्रेमप्रकरण आहे आणि मधूनमधून चक्क विनोद आहे. अशी ही खिचडी. ज्यांनी ती चाखली, त्यांची मते मात्र आजही एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणात पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

आधी कथा थोडक्यात. काळ १८८१ चा, ठिकाण ॲरिझोनातला फोर्ट लिंटन नावाचा लष्करी तळ. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर १८६६ साली तिथल्या संसदेने काळ्या शिपायांच्या पलटणी उभारल्या. त्यांतली नववी घोडदळ पलटण या तळावर आहे. शिपाई काळे आणि अधिकारी गोरे, अशीच त्या पलटणींची रचना होती. मूळनिवासी इंडियन लोकांनी या शिपायांना ‘बफेलो सोल्जर’ हे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. या पलटणीतला सर्वांत जुनाजाणता, शिस्तीचा, सगळ्यांचा आदर्श असलेला फर्स्ट सार्जंट म्हणजे ब्रॅक्स्टन रटलेज. त्याच्यावर आरोप आहे की, त्याने आपल्या गोऱ्या मेजरच्या कोवळ्या मुलीवर बलात्कार करून तिला ठार मारले आणि नंतर मेजरलाही गोळी घातली. शिवाय घटनेनंतर तो जखमी अवस्थेत पळून गेला. पळाला म्हणजे गुन्हेगारच, असे सारा तळ धरून चालतो. लेफ्टनंट कँट्रेल त्याला पकडून आणतो आणि तोच कोर्टात त्याचा वकील म्हणूनही उभा राहतो. न्यायासनावरचे सगळे अधिकारी गोरे. एकेक साक्षीदार येतो, जबाब देतो आणि त्या जबाबातून मागची घटना आपल्याला पडद्यावर दिसते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, त्यांनी गुलामांना मुक्त केले होते हे खरेच. पण मुक्त झालेल्या माणसाकडे शेजारचा गोरा माणूस कोणत्या नजरेने पाहत होता, ते पुढच्या आठच वर्षांनंतरच्या या कथेत दिसते.

आता प्रेक्षकांच्या मतांकडे वळू. सर्वांत जास्त तक्रार आहे ती विनोदाची. न्यायाधीश कर्नल फॉसगेट यांच्या पत्नीचे काम बिली बर्क या जुन्या नटीने केले आहे. ती भर कोर्टात बडबड करते, नवऱ्यालाच सुनावते. कर्नलसाहेब पाणी मागतात आणि ग्लासातून येते भलतेच. मधल्या सुट्टीत न्यायदान करणारे अधिकारी पत्ते काढून पोकर खेळायला बसतात. अनेक प्रेक्षक म्हणतात की, एका माणसाच्या गळ्याभोवती फास आवळला जात असताना ही थट्टा कशाला? चित्रपटाचा सूरच त्यामुळे बिघडतो.

मला हे मत पटत नाही. आम्ही कचेरीत आयुष्य घालवणारी माणसे. खात्याअंतर्गत चौकशी कशी चालते, ते जवळून पाहिलेले आहे. एका शिपायाची नोकरी राहणार की जाणार, याचा निकाल ज्या खोलीत लागायचा होता, त्या खोलीत साहेब लोकांची चर्चा रंगली होती ती बटाटेवडे कोणत्या स्टेशनवरचे चांगले यावर. शिपाई बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेला. म्हणून पत्त्यांचा तो डाव पाहताना मला दिग्दर्शकाचा तोल गेला असे वाटले नाही. ज्यांचे काहीच पणाला लागलेले नसते, त्यांना मधल्या सुट्टीत पत्ते सुचतात. फोर्डने हे मुद्दाम केले की त्याच्या नेहमीच्या सवयीने झाले, हे सांगता येत नाही. त्याच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात असा भरड विनोद असतो. पण इथे तो बरोबर जागी लागला आहे. बाईंची बडबड मात्र जरा लांबते, एवढे कबूल करायला हवे.

दुसरे भांडण जास्त गंभीर आहे. हा चित्रपट नक्की कोणाचा?

नाव ‘सार्जंट रटलेज’. पण नटांच्या यादीत पहिले नाव जेफ्री हंटरचे, म्हणजे गोऱ्या लेफ्टनंटचे. दुसरे कॉन्स्टन्स टॉवर्सचे, म्हणजे त्याच्या नायिकेचे. तिसरे बिली बर्कचे. ज्याच्या नावाने चित्रपट निघाला त्या वूडी स्ट्रोडचे नाव चौथे! शेवटी खटला संपल्यावर गोरा नायक आणि गोरी नायिका एकमेकांच्या मिठीत जातात आणि काळी पलटण समोरून निघून जाते. अनेक प्रेक्षक, विशेषतः नंतरच्या पिढीतले काळे प्रेक्षक आणि समीक्षक म्हणतात की, ही काळ्या माणसाची कथा नाहीच. काळ्या माणसाला वाचवणाऱ्या भल्या गोऱ्याची कथा आहे. या मताला वजन आहे. कथेची बांधणी पाहिली तर ते आणखी पटते. कोर्टाचा चित्रपट म्हणजे जबाबांचा चित्रपट. रटलेज खुर्चीत ताठ बसलेला असतो आणि तो कोण आहे, कसा आहे, त्याने काय केले, हे बराच वेळ दुसरेच सांगत राहतात. मुलगी सांगते, कर्नलची बायको सांगते, डॉक्टर सांगतो. त्याच्याविषयी सगळे बोलतात आणि तो ऐकतो.

पण याच बांधणीमुळे एक मोठी गोष्टही घडते. मेरी बीचर या तरुणीचा जबाब पाहा. ती रात्री एका ओसाड स्टेशनवर उतरते. आत स्टेशनमास्तर मरून पडलेला आहे. ती घाबरून बाहेर धावते आणि अंधारातून एक मोठा काळा हात येऊन तिचे तोंड दाबतो. रटलेज आपल्याला तिच्या जबाबात असा भेटतो. त्या क्षणी प्रेक्षकाच्या मनात जे येते, ते त्याचे त्याने तपासावे. पुढच्याच काही मिनिटांत कळते की, त्या हाताने तिला ओरडू दिले नाही, कारण जवळच हल्ला करणारे अपाची होते. तो तिला वाचवत होता. १९६० सालच्या अमेरिकन थिएटरात बसलेल्या गोऱ्या प्रेक्षकाच्या मनातला संशय आधी जागा करायचा आणि मग तो त्याच्याच पदरात टाकायचा, ही फोर्डची हुशारी आहे. आणि स्वतः रटलेज काय करतो? मेरीशी बोलतानाही तो अंतर ठेवतो. एकटी गोरी बाई आणि आपण एका छपराखाली सापडलो तर काय होईल, हे त्याला पक्के ठाऊक आहे. मेजरच्या घरातून तो पळाला तेही याच कारणाने. खरे बोललो तरी कोण विश्वास ठेवणार? भीतीने पळालेल्याला गुन्हेगार म्हणायचे आणि ती भीती कोणी निर्माण केली हे मात्र विचारायचे नाही.

हे साल लक्षात घ्या. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला, एका गोऱ्या बाईशी आगळीक केली एवढ्या आरोपावरून, निर्घृणपणे मारण्यात आले आणि मारेकरी कोर्टातून सुटले. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यानंतर काही महिन्यांतच हा चित्रपट आला. वर्णद्वेषावरचा सरळ चित्रपट काढायचा म्हटले असते तर मोठ्या कंपनीने कितपत पैसे घातले असते? घोडे, अपाची, रहस्य, प्रेम या सगळ्या पडद्यांमागून तो विषय आत आणला गेला. खिचडी झाली खरी, पण त्या खिचडीमुळेच तो विषय थिएटरपर्यंत पोहोचला, असे मला वाटते.

वूडी स्ट्रोड या माणसाविषयी थोडे सांगायलाच हवे. जन्म १९१४, लॉस एंजेलिसचा. उंची सहा फूट चार इंच. कॉलेजात तो अमेरिकन फुटबॉल खेळे. केनी वॉशिंग्टन आणि पुढे बेसबॉलमध्ये नाव काढलेला जॅकी रॉबिन्सन हे त्याचे सोबती. त्या काळी व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या संघटनेत बारा वर्षे एकही काळा खेळाडू घेतलेला नव्हता. १९४६ साली वॉशिंग्टन आणि स्ट्रोड यांना लॉस एंजेलिस रॅम्स संघाने घेतले आणि ती बंदी मोडली. पुढे सिनेमात आल्यावर त्याच्या वाट्याला आली ती बहुतेक गुलामाची, योद्ध्याची, अंग दाखवायची कामे. १९६० च्याच ‘स्पार्टाकस’मध्ये आपल्या प्रतिस्पर्ध्याला ठार मारण्याचे नाकारून मालकांवरच धावून जाणारा ग्लॅडिएटर त्यानेच केला. (घरातल्या मुलांना एक गंमत सांगा. ‘टॉय स्टोरी’ या कार्टून चित्रपटातल्या वूडी नावाच्या काउबॉय बाहुल्याचे नाव याच वूडीवरून ठेवलेले आहे.)

स्ट्रोडच्या आत्मचरित्रात अशी हकिकत आहे की, कंपनीला रटलेजच्या कामासाठी सिडनी पॉयटिए किंवा हॅरी बेलाफॉन्टे असा नावाजलेला नट हवा होता. फोर्डने हट्टाने स्ट्रोडलाच घेतले. हा फोर्डही विचित्रच म्हणायचा. १९१५ च्या ‘बर्थ ऑफ अ नेशन’ या काळ्यांना बदनाम करणाऱ्या चित्रपटात आपण क्लू क्लक्स क्लॅनचा पांढरा झगा घालून घोड्यावर बसलो होतो, असे तो स्वतःच सांगत असे. त्याच माणसाने पंचेचाळीस वर्षांनी रटलेजला चांदण्या रात्री टेकडीवर उभे केले. खाली शिपाई त्याच्यावरचे गाणे गात आहेत आणि कॅमेरा खालून वर त्याच्याकडे पाहतो आहे. असा मान तोवर जॉन वेनसारख्यांनाच मिळत होता.

आणि तो जबाब! बंदी म्हणून नेले जात असताना रटलेजला पळून जाण्याची संधी मिळते. तो घोडा फेकतो, नदी ओलांडतो, सुटतो. पुढे त्याला दिसते की, अपाची दबा धरून बसले आहेत आणि आपली पलटण सरळ त्यांच्या तावडीत चालली आहे. तो परत फिरतो. कोर्टात सरकारी वकील त्याला खोचकपणे विचारतो की, परत का आलास, दया मिळावी म्हणून ना? इतका वेळ दगडासारखा बसलेला तो माणूस तेव्हा फुटतो. नववी पलटण हेच माझे घर होते, माझे खरे स्वातंत्र्य आणि माझा स्वाभिमान तिथेच होता. तिला सोडून पळालो असतो तर मी कवडीमोलाचा ठरलो असतो आणि मी तसा नाही, मी माणूस आहे, अशा आशयाचे तो बोलतो. डोळ्यांत पाणी, आवाज चढलेला, पण पाठ ताठ. चित्रपटाविषयी कितीही तक्रारी असलेले प्रेक्षकही या दोन मिनिटांपुढे गप्प होतात. नटांच्या यादीतले चौथे नाव इथे पहिले होते.

काही प्रेक्षकांना मात्र याच प्रसंगात खोट दिसते. त्यांचा सवाल असा की, काळ्या माणसाला निर्दोष ठरण्यासाठी इतके निष्कलंक का असावे लागते? पलटणीतला सर्वोत्तम शिपाई, शूर, संयमी, गोऱ्या बाईकडे डोळा वर करून न पाहणारा, गोऱ्यांचे प्राण वाचवणारा. तो एखादा सामान्य, चिडका, दारू पिणारा शिपाई असता तर? तरीही त्याने तो गुन्हा केलेला नसताच की! हा प्रश्न बिनतोड आहे. चांगल्या चारित्र्याचा दाखला आणल्याशिवाय ज्याला न्याय मिळत नाही, त्याला न्याय मिळाला असे कसे म्हणायचे?

याहून अवघड प्रश्न अपाचींचा आहे. चित्रपटात अपाची म्हणजे केवळ हल्ला करणारे शत्रू. त्यांना ना नाव, ना बोलणे, ना बाजू. खऱ्या नवव्या पलटणीनेही १८७९-८० साली व्हिक्टोरिओ या अपाची पुढाऱ्याचा डोंगरदऱ्यांतून पाठलाग केला होता. आपल्याच भूमीतून हुसकल्या जाणाऱ्या लोकांवर कालपर्यंत गुलाम असलेल्यांना सोडायचे, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत. आजचे अनेक प्रेक्षक, त्यांत मूळनिवासी समाजातलेही, म्हणतात की, एका पीडिताचा स्वाभिमान दुसऱ्या पीडिताच्या प्रेतावर उभा केला आहे. चित्रपटाला हे अगदीच कळलेले नाही असे नाही. मोफॅट नावाचा काळा शिपाई घायाळ होऊन रटलेजच्या मांडीवर प्राण सोडतो. घरी त्याच्या लहान मुली आहेत. ही गोऱ्यांची लढाई आपण का लढतोय, असा सूर त्याच्या बोलण्यात येतो. रटलेज म्हणतो की, ही गोऱ्यांची लढाई नव्हे, आपल्याला मान वर करून जगता यावे म्हणून आपण लढतो. उत्तर मनाला भिडते, पण पुरे पडत नाही. मला तो प्रसंग दर वेळी अस्वस्थ करतो आणि रटलेजपेक्षा मोफॅटचे बोलणेच जास्त वेळ डोक्यात राहते.

स्त्री प्रेक्षकांचा एक आक्षेपही नोंदवण्यासारखा आहे. कोर्टात ऐकवणार नाही असे काही निघेल म्हणून सुरुवातीलाच बायकांना बाहेर काढले जाते आणि जिच्यावर अत्याचार झाला ती लूसी ही तर चित्रपटात केवळ खटल्याचे कारण म्हणून उरते. तिच्याविषयी हळहळ आहे, पण ती कोण होती हे विचारायला कोणाला सवड नाही. त्यातल्या त्यात मेरी बीचर मात्र ठाम आहे. तिने जे पाहिले तेच ती सांगते. ज्याच्यावर तिचे मन बसू लागले आहे, त्या लेफ्टनंटलाही रटलेजला अटक केल्याबद्दल ती माफ करत नाही.

शेवट सांगून पाहणाऱ्यांचा विरस करत नाही. एवढेच म्हणतो की, एक गोरा माणूस साक्ष देता देता कोसळतो आणि गुन्हा कबूल करतो. हे फारच सोयीचे झाले, असे जवळपास सगळेच म्हणतात आणि मीही म्हणतो. खरी कोर्टे अशी चालत नाहीत. त्याच १८८१ साली टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिस इथे एक खरा लष्करी खटला झाला. आरोपी होता लेफ्टनंट हेन्री फ्लिपर, गुलामगिरीत जन्मलेला आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८७७ साली पदवी घेणारा पहिला काळा अधिकारी. तो दहाव्या घोडदळ पलटणीत होता. त्याच्या ताब्यातल्या सरकारी पैशांत तूट आली आणि अफरातफरीचा आरोप झाला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कोर्टाने त्याला अफरातफरीतून सोडले, पण अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन या दुसऱ्या कलमाखाली दोषी धरले आणि १८८२ मध्ये नोकरीतून काढून टाकले. तिथे कोणी गोरा साक्षीदार रडत कबुली द्यायला आला नाही. फ्लिपर आयुष्यभर आपले नाव धुऊन काढण्यासाठी अर्ज करत राहिला आणि १९४० साली वारला. लष्कराने १९७६ मध्ये त्याची बडतर्फी बदलून सन्मानाची निवृत्ती केली आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९९ मध्ये त्याला माफी दिली. खटल्याला तोवर एकशेअठरा वर्षे होत आली होती.

या सगळ्या मतांत खुद्द स्ट्रोडचे मत काय होते? त्याला या चित्रपटाचा अभिमान होता. तोवर पडद्यावर काळा माणूस जॉन वेनसारखा डोंगर उतरून येताना कोणी पाहिला नव्हता आणि ती नदी ओलांडताना आपण एकटे नव्हतो, सारा काळा समाज आपल्यासोबत पलीकडे गेला, असे त्याने पुढे एका मुलाखतीत बोलून दाखवले. नटांच्या यादीत आपण चौथे आहोत हे त्याला दिसत नव्हते असे थोडेच आहे!

१९९३ साली मारिओ व्हॅन पीबल्स या काळ्या दिग्दर्शकाने ‘पॉसी’ नावाचा वेस्टर्न काढला. त्यात जवळपास ऐंशीच्या घरातल्या स्ट्रोडला त्याने गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याचे काम दिले. इतिहासाने वगळलेल्या काळ्या काउबॉयांची हकिकत तो आपल्या तोंडाने सांगतो. ३१ डिसेंबर १९९४ रोजी स्ट्रोडचे निधन झाले.

‘सार्जंट रटलेज’ एक तास एकावन्न मिनिटांचा आहे, रंगीत आहे. इंग्रजी बोली जुन्या लष्करी वळणाची असल्याने खाली अक्षरे येणारी प्रत मिळाली तर बरे. अत्याचार प्रत्यक्ष दाखवलेला नाही, पण कोर्टात त्याविषयी बोलणे आहे, तेव्हा लहानग्यांना झोपू द्यावे. दहावी-बारावीतल्या मुलामुलींना मात्र जवळ बसवून दाखवावा आणि मोफॅटचा प्रसंग आला की त्यांचे म्हणणे काय ते विचारावे.